कोले बाच्चा

कोलकात्यात एस्प्लनेडला बस धड थांबत नाही, नुसती मंदावते. दारात लोंबकळणारा कंडक्टर पत्र्यावर थाप मारतो आणि ओरडतो, ‘आस्ते लेडीज, कोले बाच्चा!’ सावकाश, बाई उतरताहेत, कडेवर मूल आहे. मागे हॉर्नचा कल्लोळ, तरी ड्रायव्हर ब्रेक दाबतो. मूल ना याचं, ना त्याचं.

या परोपकाराने डार्विनलाही चकवलं होतं. दुसऱ्यासाठी जीव देणारा निपुत्रिक मेला, तर त्याचा स्वभाव पुढच्या पिढीत उतरणार कसा?

या कोड्याचा एक धागा ज्यांच्या हाती लागला ते जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन पुढे कोलकात्याला येऊन राहिले. 1955 साली एका लेखात त्यांनी जाता जाता एक हिशेब मांडला. नदीत पोर बुडतंय. उडी मारायला लावणारं एक दुर्मिळ जनुक तुमच्यात आहे; उडी मारलीत तर दहातून एकदा तुम्हीच बुडणार. पोर तुमचं किंवा तुमचा भाऊ असेल, तर तेच जनुक त्याच्यात असण्याची शक्यता निम्मी. म्हणजे दहा उड्यांत एक जनुक गमावून पाच वाचली. पुतण्या असेल तर अडीच. चुलतभाऊ असेल तर जेमतेम सव्वा. (मामे, मावस, आते असे शब्द आपण कितीही वेगळे ठेवले, तरी जनुकाच्या लेखी सगळ्यांचा वाटा एकच, एक अष्टमांश.)

एवढं लिहून त्यांनी तो धागा सोडून दिला. 1957 मध्ये ते महालनोबिसांच्या सांख्यिकी संस्थेत दाखल झाले, भारताचे नागरिक झाले, सुरेश जयकरांबरोबर आनुवंशिकीवर शोधनिबंध लिहिले. पण बुडत्या पोराचा सिद्धान्त काही केला नाही.

तो केला लंडनमधल्या एका एकट्या पडलेल्या विद्यार्थ्याने. बिल हॅमिल्टनला खोली खायला उठे, म्हणून तो वॉटर्लू स्टेशनच्या बाकावर, अनोळखी गर्दीत बसून गणितं करी. नात्याचा वाटा गुणिले समोरच्याचा फायदा हा आपल्या तोट्याहून जास्त भरला, तर परोपकार टिकतो. 1964 च्या जुलैत त्याचा निबंध छापून आला. त्याच वर्षी 1 डिसेंबरला हॉल्डेन भुवनेश्वरला वारले.

मग श्रेयावरून भांडण लागलं. हॉल्डेन यांचे शिष्य मेनार्ड स्मिथ यांनी 1975 मध्ये लिहिलं की दोन भाऊ किंवा आठ चुलतभावंडांसाठी आपण जीव देऊ, असं गुरुजी पबमध्येच म्हणाले होते. हॅमिल्टन भडकला. माझं मत हॅमिल्टनच्या बाजूने. पबमधला विनोद आणि वर्षानुवर्षांचं गणित एका तराजूत कसं घालायचं?

पण बसचा कंडक्टर हॅमिल्टनच्या सूत्रात बसत नाही. 1971 मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्सने परक्यांमधल्या परतफेडीचा सिद्धान्त मांडला, तोही बुडत्या माणसाचंच उदाहरण घेऊन. पण कडेवरचं मूल कसली परतफेड करणार?

मला हॉल्डेन यांच्या त्या लेखातली कबुली जास्त पटते. बुडण्याच्या बेतातल्या माणसांना त्यांनी स्वतः दोनदा पाण्यातून ओढून काढलं होतं, आणि तेव्हा हिशेबाला वेळच नव्हता. असं जनुक पसरायला लहानशी वस्तीच लागते, असं त्यांनी तिथेच लिहिलंय. बुडणारं पोर बहुधा घरातलंच निघेल अशी वस्ती. कुणाचं म्हणून विचारायची गरजच नाही.

बाई उतरल्या. कंडक्टरने पायरीवरच्या एका अनोळखी माणसाला आत सारलं, ‘दादा, पेछोनेर दिके एगिये जान!’ दादा, मागच्या बाजूला पुढे व्हा.