दुकानात सुरळीत, घरी मात्र बंद! नव्या संगणकाच्या लहरीपणामागची कारणे

शहापूर / मुरबाड, प्रतिनिधी – सुटे भाग निवडून जुळवून घेतलेला नवा कोरा डेस्कटॉप संगणक. दुकानात तासभर चालवून पाहिला तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. घरी आणल्यावर मात्र दोन-चार दिवसांतच काम सुरू असताना पडदा काळा होतो, संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो किंवा जागच्या जागी 'हँग' होतो. दुकानदाराला दूरध्वनी केला की 'आमच्याकडे तर व्यवस्थित चालत होता' हे ठरलेले उत्तर मिळते. ग्राहकाला ते टोलवाटोलवीचे वाटले, तरी पुष्कळदा ते खरे असते. अशा वेळी दुकान आणि घर यांच्यामध्ये नेमके काय बदलले, येथून शोधाला सुरुवात केल्यास वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत हा प्रश्न शहरापेक्षा अधिक जाचक ठरतो. सुट्या भागांची मोठी बाजारपेठ म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड. तेथे जाण्यासाठी शहापूरकरांना आसनगावहून लोकल पकडावी लागते, तर मुरबाडकरांना आधी रस्त्याने कल्याण गाठावे लागते. कॅबिनेट उचलून एक खेप घालायची म्हणजे अख्खा दिवस जातो. त्यातच सातबारा उतारे, दाखले, परीक्षा व शिष्यवृत्तीचे अर्ज ही सारी कामे आता संगणकावर आली आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये रोकडरहित गाव म्हणून गाजलेले धसई मुरबाड तालुक्यातीलच. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी संगणकाने दगा दिला, तर त्याची किंमत दुरुस्तीच्या बिलात मोजता येत नाही.

बंद पडण्याची तऱ्हा पाहा

'अधूनमधून बंद पडतो' एवढ्या वर्णनावरून निदान होत नाही. कोणतीही सूचना न देता संगणक क्षणात बंद झाला किंवा पुन्हा सुरू झाला, तर संशय वीजपुरवठा, एसएमपीएस अथवा उष्णतेवर जातो. निळा पडदा येऊन त्यावर सांकेतिक शब्द दिसले (विंडोज ११ मध्ये २०२५ पासून हा पडदा काळा आहे), तर रॅम, ड्रायव्हर किंवा प्रोसेसर तपासावा. चित्र गोठून आवाज अडकत राहिला, तर ग्राफिक्स कार्ड, एसएसडी आणि रॅम यांच्याकडे लक्ष द्यावे. ही केवळ दिशा आहे, पुरावा नव्हे.

विंडोजमधील 'रिलायबिलिटी मॉनिटर' आणि 'इव्हेंट व्ह्यूअर' या सोयींमध्ये प्रत्येक घटनेची वेळ नोंदलेली असते. तेथे 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद दिसली की एसएमपीएस बिघडला, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात, संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढेच ती नोंद सांगते. कारण सांगत नाही. मात्र तिच्या वेळा कागदावर उतरवून घ्याव्यात. त्या रोज संध्याकाळी, घरातील पंप सुरू होताना किंवा शेजारची पिठाची गिरणी चालू असताना येत असतील, तर पुढचा शोध सोपा होतो.

आधी भिंतीतला सॉकेट

घरगुती पुरवठ्यासाठी २३० व्होल्ट हा दाब प्रमाण मानला जातो आणि त्यात सहा टक्के कमी-अधिक चालते. म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट. रोहित्रापासून, अर्थात गावातल्या 'डीपी'पासून, घर जितके दूर आणि त्या तारेवरचा भार जितका जास्त, तितका घरात पोहोचणारा दाब कमी. चांगले एसएमपीएस कमी दाब सहन करतात, पण क्षणभराची खंड सोसण्याची त्यांची क्षमता फार थोडी असते. आपल्याकडील विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, तर पूर्ण भार असताना एसएमपीएस साधारण १६ ते १७ मिलिसेकंदच तग धरतो. डोळ्याला दिव्याची उघडझाप जेमतेम जाणवते, तेवढ्यात संगणक बंद झालेला असतो.

यूपीएस घेतला म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. बाजारातील ६०० व्हीएच्या यूपीएसची खरी क्षमता साधारण ३६० वॅट असते. मोठे ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक ऐन भारात त्याहून अधिक वीज मागतो. मग वीज जाताच यूपीएसही मान टाकतो. म्हणून यूपीएसवरील व्हीएचा आकडा न पाहता वॅटचा आकडा पाहावा. शिवाय स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात, ती काही नव्या एसएमपीएसना मानवत नाही.

अर्थिंगची तपासणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावी. तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण तिसरी तार कोठेच जोडलेली नाही, असे जुन्या घरांत आढळते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर तो थेट इशाराच समजावा. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की केवळ बटण बंद करून भागत नाही. संगणकाचा प्लग आणि ब्रॉडबँडची तार, दोन्ही काढून ठेवावीत.

प्रवासातील हिसके

दुकान आणि घर यांच्यातील दुसरा फरक म्हणजे प्रवास. लोकलमधील गर्दी आणि खड्ड्यांचा रस्ता यांमुळे रॅम, ग्राफिक्स कार्ड किंवा विजेच्या जोडण्या किंचित सैल होऊ शकतात. प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करून अंगावरील स्थिर वीज घालवावी आणि मग प्रत्येक भाग काढून पुन्हा नीट बसवावा. दोन रॅम असल्यास बहुतेक मदरबोर्डवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. तरीही पुस्तिका पाहूनच खात्री करावी.

रॅम नवी आहे म्हणजे निर्दोष आहे, असे गृहीत धरू नये. खोक्यावर छापलेला वेग मिळवण्यासाठी बायोसमध्ये 'एक्सएमपी' किंवा 'एक्स्पो' सुरू केले जाते. हा वेग मूळ प्रमाणापेक्षा अधिक असल्याने प्रत्येक जोडणीत तो झेपेलच, असे नाही. तो पर्याय बंद करून दोन दिवस संगणक वापरावा. त्यानंतरही त्रास राहिल्यास पेनड्राइव्हवरून 'मेमटेस्ट८६' ही चाचणी रात्रभर चालू द्यावी. एकही चूक दिसली, तर एकेक रॅम स्वतंत्रपणे तपासावी. या चाचणीत 'थोड्या चुका चालतात' असे काही नसते.

उष्णता आणि प्रोसेसर

वातानुकूलित दुकानातील चाचणी आणि मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालील वापर यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. प्रोसेसर अति तापल्यास आधी आपला वेग कमी करतो आणि तरीही तापमान वाढत राहिले तर स्वतःच्या रक्षणासाठी संगणक बंद करतो. कूलरच्या तळाचे प्लॅस्टिक काढायचे राहून गेले, त्याचे स्क्रू एका बाजूला सैल राहिले किंवा थर्मल पेस्ट नीट पसरली नाही, तर असे घडते. 'एचडब्ल्यूइन्फो'सारख्या मोफत प्रणालीत तापमान पाहता येते. काही काम नसतानाच पारा चढलेला असेल, तर कूलर पुन्हा बसवावा.

क्वचित दोष खरोखरच कारखान्यातून आलेला असतो. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अस्थिरतेच्या तक्रारी वाढल्यावर, गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज पोहोचत असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले. त्यावर सुधारित मायक्रोकोड देण्यात आला आणि बाधित प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. त्या मालिकेतील प्रोसेसर असल्यास मदरबोर्डचा बायोस अद्ययावत करणे आवश्यक आहे. झालेली हानी मात्र त्याने भरून निघत नाही. अशा वेळी प्रोसेसर बदलूनच घ्यावा. बायोस अद्ययावत करताना वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होण्याचा धोका असतो. त्यामुळे हे काम वाऱ्या-पावसाच्या दिवशी टाळावे आणि यूपीएसची बॅटरी पूर्ण भरलेली असतानाच करावे.

एका वेळी एकच बदल

सर्वांत मोठी चूक म्हणजे उतावीळपणे एकाच दिवशी ड्रायव्हर, रॅम, बायोस असे सारे बदलणे. त्याने संगणक सुधारला तरी दोष कशात होता ते कळत नाही आणि चांगला भागही बदलला जातो. एक बदल करावा, तो तारखेसह वहीत लिहावा, दोन दिवस वाट पाहावी. शक्य असल्यास ओळखीच्या व्यक्तीकडील चालू एसएमपीएस किंवा रॅम लावून पाहावी. संगणक दुसऱ्या घरात, दुसऱ्या रोहित्रावर नेऊन चालवणे हीसुद्धा उत्तम चाचणी आहे. तेथे तो दिवसभर सुरळीत चालला, तर आपल्या घरातील वीजजोडणीकडे बोट दाखवता येते.

ही वही दुकानदारापुढेही उपयोगी पडते. जुळवलेल्या संगणकात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. म्हणून अनुक्रमांकांसह पक्के बिल घ्यावे आणि खोकी जपून ठेवावीत. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. खरेदी मुंबईत झाली असली, तरी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी त्याला शुल्कही लागत नाही. बिल, बंद पडण्याच्या वेळा आणि केलेल्या चाचण्यांची नोंद हाती असली, तर 'आमच्याकडे चालत होता' या वाक्यापुढे बोलणे सरकते.