मागच्या चाकांची वर्दी

अमेरिकेतील एखाद्या आंतरराज्य महामार्गाच्या कडेला उन्हाळ्याच्या दिवसांत दोन प्रहरी उभे राहिले, तर पिकअप गाड्यांच्या मागे जोडलेली तीस-तीस, चाळीस-चाळीस फूट लांबीची घरे, ज्यांत निजण्याची खोली, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, गॅसच्या आणि पाण्याच्या टाक्या असा सगळा संसार बंदिस्त केलेला असतो, ताशी साठ-पासष्ट मैलांच्या वेगाने एकामागून एक जाताना दिसतात. या चाकांवरच्या घरांना तिकडे आरव्ही म्हणतात; त्यांपैकी ज्यांना स्वतःचे इंजिन नसते आणि जी ओढूनच न्यावी लागतात, ती ट्रॅव्हल ट्रेलर किंवा फिफ्थ-व्हील या नावांनी ओळखली जातात. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट आणि त्याच्या परिसरात त्यांचे कारखाने एवढे एकवटले आहेत, की त्या देशातील बहुतांश आरव्ही त्याच मुलखात तयार होतात. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही अलीकडे यलोस्टोनच्या किंवा ग्रँड कॅनियनच्या वाटेला असे घर मागे जोडून निघू लागली आहेत. घर निवडताना ही मंडळी गादीपासून शीतकपाटापर्यंत सर्व गोष्टींची बारकाईने चौकशी करतात. परंतु ज्या चार किंवा सहा टायरांवर हा सगळा डोलारा उभा असतो, त्यांची खबर चालकापर्यंत पोचविण्याची तजवीज कशी करावी, हा प्रश्न मात्र पुष्कळांच्या मनात पहिला टायर फुटल्यानंतरच येतो.

मोटार चालवणाऱ्या माणसाला स्वतःच्या गाडीच्या टायरांची अवस्था काही अंशी अंगानेच कळते. एखाद्या चाकातील हवा उतरली की स्टिअरिंग एका बाजूस ओढू लागते, बैठकीखाली थरथर जाणवते, आवाज बदलतो. ओढल्या जाणाऱ्या घराच्या बाबतीत यांपैकी काहीच घडत नाही. चालक आणि ते चाक यांच्यामध्ये तीस-चाळीस फुटांचे अंतर असते, एक सांधा असतो आणि कित्येक हजार पौंडांचे वजन असते. शिवाय एकाच बाजूस दोन चाके एकमेकांना खेटून असल्यामुळे एकाची हवा गेली तरी दुसरे त्याचा भार मुकाट्याने उचलते आणि घर कलतसुद्धा नाही. हवा कमी झालेल्या टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात प्रमाणाबाहेर वाकते, त्या वाकण्यातून उष्णता निर्माण होते, त्या उष्णतेने रबर आणि त्यातील थर यांची पकड सुटत जाते, आणि अखेरीस वरचा पट्टा सोलून निघतो. तो चाबकासारखा फिरत राहून घराच्या तळाशी असलेल्या तारा, पाण्याच्या नळ्या, प्रसंगी गॅसची नळीही तोडतो. चालकास याची पहिली वर्दी मिळते ती बहुधा आरशात दिसणाऱ्या धुरावरून, किंवा शेजारून जाणाऱ्या एखाद्या सज्जनाने हात हलवून केलेल्या खुणेवरून. तोवर ज्या दुसऱ्या टायरने दुप्पट ओझे वाहिलेले असते, त्याचेही आयुष्य त्या काही मैलांत खर्ची पडलेले असते.

सरकारचा कायदा येथे मदतीस येत नाही. फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांच्या फायरस्टोन टायरांचे पट्टे सुटून झालेल्या अपघातांमुळे अमेरिकेत मोठा गहजब उडाला. २००० सालच्या ऑगस्टमध्ये सुमारे ६५ लाख टायर परत बोलावण्यात आले. आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला अध्यक्ष क्लिंटन यांनी ज्या ‘ट्रेड’ (TREAD) कायद्यावर सही केली, त्यात नव्या मोटारींना टायरमधील हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा बसविण्याची तरतूद झाली. त्या तरतुदीनुसार निघालेला पहिला नियम न्यायालयाने २००३ मध्ये रद्द ठरविला, २००५ मध्ये सुधारलेला नियम निघाला, आणि १ सप्टेंबर २००७ पासून दहा हजार पौंडांपर्यंतच्या बहुतेक सर्व नव्या हलक्या मोटारींवर त्याचा अंमल पूर्णपणे सुरू झाला. मात्र इंजिन नसलेले, ओढले जाणारे वाहन या नियमाच्या कक्षेत आले नाही. म्हणून पुढच्या पिकअपमध्ये यंत्रणा असते आणि मागच्या घरात, काही नव्या बनावटींचा अपवाद सोडला तर, ती मालकाने स्वतः विकत घेऊन बसवावी लागते. शिवाय नियमातील मर्यादा, म्हणजे हवा नेमलेल्या दाबाच्या २५ टक्के खाली गेल्यावर इशारा, ही मोटारीस पुरेशी असेल. पण ट्रेलरचा टायर बहुधा आपल्या कमाल क्षमतेच्या जवळपास भार वाहत असतो, आणि ८० पीएसआयच्या (म्हणजे दर चौरस इंचास ८० पौंड दाबाच्या) टायरने ६० पर्यंत उतरेपर्यंत गप्प बसावे, ही मुभा त्याला देणे परवडणारे नाही.

बाजारात मिळणाऱ्या संचांची रचना साधारण सारखीच असते. प्रत्येक चाकावर किंवा चाकाच्या आत एक संवेदक बसतो. तो दाब आणि तापमान मोजून बिनतारी लहरींनी चालकासमोरच्या छोट्या पडद्याकडे पाठवतो. किंमत साधारणपणे शे-दीडशे डॉलरपासून चारशे डॉलरपर्यंत असते. जाहिराती पाहिल्या तर पडद्याचे रंग, चित्रे आणि मोबाइलशी होणारी जोडणी यांचाच बडेजाव अधिक आढळतो. माझ्या मते खरेदीदाराने या सर्वांच्या आधी एकच गोष्ट पारखावी, आणि ती म्हणजे चाकाशी घडलेली गोष्ट चालकाच्या कानापर्यंत खात्रीने पोचते की नाही. हे संवेदक नाण्याएवढ्या बॅटरीवर चालत असल्यामुळे त्यांची लहर क्षीण असते; वाटेत घराची पोलादी चौकट, ॲल्युमिनियमचा पत्रा, पाण्याच्या टाक्या आणि पिकअपचा स्वतःचा सांगाडा आडवा येतो. आखूड ट्रेलरला ही अडचण फारशी भासत नाही. लांब फिफ्थ-व्हीलला मात्र मध्ये एक लहर-वर्धक, ज्याला तिकडे रिपीटर म्हणतात, बसविणे जवळजवळ अपरिहार्य असते. तो घराच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि दुबळा संदेश उचलून पुढे ढकलतो. केवळ ब्ल्यूटूथने मोबाइलशी बोलणारे स्वस्त संच याच कारणास्तव लांब घरांच्या कामाचे नव्हेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या लहरीचा पल्ला तोकडा, आणि तो मोबाइल त्याच वेळी रस्ता दाखविण्यात किंवा फोन घेण्यात गुंतलेला असणार.

याहूनही महत्त्वाचा प्रश्न असा, की संदेश येणे थांबले तर यंत्र काय करते? काही संचांचा पडदा संपर्क तुटल्यानंतरही शेवटचा आकडाच दाखवीत राहतो, आणि बिचारा चालक त्या शिळ्या आकड्यावर विसंबून शंभर मैल कापतो. ज्या संचात संवेदकाचा संपर्क तुटताच वेगळी सूचना मिळते, तोच घ्यावा. या बाबतीत तडजोड करू नये. त्याचप्रमाणे साधारण संवेदक बॅटरी वाचविण्यासाठी काही मिनिटांच्या अंतराने आपली नोंद पाठवतो, हे ठीकच आहे. परंतु हवा झपाट्याने जाऊ लागली तर ठरलेल्या वेळेची वाट न पाहता त्याने तत्क्षणी वर्दी दिली पाहिजे. हे गुण आहेत की नाहीत, ते खरेदीपूर्वी माहितीपुस्तिकेत शोधावे, आणि घरी आणल्यावर एखाद्या चाकाचा संवेदक काढून, यंत्र किती वेळाने ओरडते ते स्वतः पाहावे.

संवेदक कोठे बसवावा, याविषयी दोन पंथ आहेत. चाकाच्या आत बसणारा संवेदक तापमान अधिक खरे सांगतो, चोरीला जात नाही, धुळीचिखलापासून सुरक्षित राहतो. मात्र त्यासाठी टायर रिमवरून उतरवावा लागतो आणि बॅटरी संपली की तेच सोपस्कार पुन्हा करावे लागतात. व्हॉल्व्हवर टोपणासारखा फिरवून बसविण्याचा संवेदक कोणालाही पाच मिनिटांत लावता येतो. हाच प्रकार अधिक खपतो. पण त्याची एक खोड लक्षात घेण्यासारखी आहे. तो दाब मोजण्यासाठी व्हॉल्व्हमधील पिन सतत दाबून धरतो, म्हणजे एरवी हवा अडवून ठेवणारे दार कायमचे उघडे राहते आणि सगळी हवा संवेदकातील एका बारीक रबरी कड्याच्या भरवशावर थांबते. ते कडे झिजले, किंवा तिरपे बसले, तर जे यंत्र गळती सांगण्यासाठी लावले तेच गळती निर्माण करते.

ॲरिझोनातील फीनिक्सजवळ राहणारा माझा भाचा प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी हे संवेदक बसवीत असताना मी शेजारी उभा होतो. त्याने प्रत्येक संवेदक हाताने घट्ट केला, पक्कड लावली नाही; नंतर एका बाटलीत साबणाचे पाणी घेऊन ते चारही व्हॉल्व्हांच्या बुडाशी फवारले आणि गुडघे टेकून एकेका चाकासमोर थांबला. आपल्याकडचा पंक्चरवाला घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे पाहतो, तशीच ती परीक्षा. तिसऱ्या चाकाशी फेसाचा एक बारीक मणी फुगला. त्याने संवेदक काढला, रबरी कडे पुसून पुन्हा बसवले, आणि फवारा मारून पुन्हा पाहिले. मणी आला नाही. मी आकड्यांविषयी विचारले तेव्हा तो म्हणाला, "मामा, आज आकडे बांधायचे नाहीत. टायर दिवसभर उन्हात तापलेत. पहाटे गार असतील तेव्हा हवा भरून मग मर्यादा ठरवू, नाहीतर ते उगीच ओरडत बसेल आणि तुम्हीच मला ते बंद करायला सांगाल."

त्याचे म्हणणे शब्दशः खरे आहे, आणि त्यामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. बंदिस्त हवेचा दाब तापमानाबरोबर वाढतो. ८० पीएसआयच्या टायरमध्ये दर दहा अंश फॅरनहाइटला तो सुमारे दोन पीएसआयने बदलतो. समजा, फीनिक्समध्ये १०५ अंशांच्या दुपारी कोणी ८० पीएसआय हवा भरली आणि तो रात्री सुमारे सात हजार फूट उंचीवरील फ्लॅगस्टाफला मुक्कामास गेला. तेथे पहाटे ४५ अंश तापमान असेल, तर थंडीने दाब खाली ओढला जाईल आणि उंचीवरच्या विरळ हवेमुळे तो मापकावर किंचित वर दिसेल. दोहोंचा हिशेब केला तर आकडा ७३ च्या आसपास येतो. थेंबभर हवा न गळता सात पीएसआय कमी! खालची मर्यादा १० टक्क्यांवर, म्हणजे ७२ वर बांधली असेल, तर यंत्र ओरडण्याच्या उंबरठ्यावरच उभे आहे. उलट पहाटेच्या गारव्यात भरलेली हवा दुपारच्या उन्हात आणि धावण्याच्या उष्णतेत नव्वदीच्या पुढे सहज जाते, आणि ते स्वाभाविक आहे. टायर बनविणारे ही वाढ गृहीत धरूनच थंड टायरचा आकडा त्याच्या भिंतीवर छापतात. म्हणून वरची मर्यादा थंड दाबाच्या २० ते २५ टक्के वर ठेवतात, आणि तापलेल्या टायरमधील हवा वाढलेली दिसली म्हणून ती कधीही काढून टाकू नये. ज्या यंत्रात या मर्यादा पुढच्या गाडीसाठी आणि मागच्या घरासाठी स्वतंत्रपणे ठरविता येत नाहीत, ते यंत्र नापसंत करावे. खोट्या आरोळ्या वारंवार ऐकलेला चालक खऱ्या आरोळीकडेही दुर्लक्ष करू लागतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

तापमानाच्या आकड्याविषयी थोडक्यात. पुष्कळ यंत्रांत १५८ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७० अंश सेल्सिअस, ही मर्यादा कारखान्यातूनच ठरवून येते. व्हॉल्व्हवर बाहेर बसलेल्या संवेदकाला वारा लागत असल्यामुळे तो टायरच्या आतली उष्णता पुरती सांगत नाही. परंतु चार चाकांपैकी एकाच चाकाचा आकडा इतरांपेक्षा सतत वर राहत असेल, तर ब्रेक घासत आहे किंवा बेअरिंग जात आहे, असा संशय घेऊन उतरून पाहावे. उन्हात वाचता येईल असा पडदा, मालकाला स्वतः बदलता येणारी बॅटरी आणि व्हॉल्व्हची पोलादी किंवा पितळी नळी या तीन गोष्टीही पाहून घ्याव्यात. साधी रबरी नळी ६५ पीएसआयपर्यंतच्या दाबासाठी केलेली असते. ८० पीएसआयच्या टायरला ती मुळातच असू नये, आणि वर संवेदकाचे वजन लादून तिला वेगात हेलकावे देणे तर त्याहून वाईट.

एवढे करूनही एक गोष्ट यंत्राच्या अखत्यारात येत नाही. ते हवा सांगते. टायरचे वय सांगत नाही आणि त्याच्यावरचे ओझेही सांगत नाही. ही घरे वर्षातून थोडे दिवस धावतात आणि पुष्कळ दिवस उन्हात उभी असतात. त्यामुळे नक्षी शाबूत असूनही रबर आतून म्हातारे होते, आणि पाच-सहा वर्षांनी ट्रेलरचे टायर बदलावेत असा जाणकारांचा सल्ला असतो. टायरच्या भिंतीवर कोरलेल्या सांकेतिक अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. ओझ्यासाठी महामार्गालगतच्या ट्रक थांब्यांवर सार्वजनिक वजनकाटे असतात. सामान, पाणी आणि गॅस भरून एकदा तेथे प्रत्येक आसाचे वजन रुजू करून घ्यावे, ते टायरच्या क्षमतेशी ताडून पाहावे, आणि मगच थंड हवेचा आकडा कायम करावा. संच विकत घेताना एक संवेदक जादा घ्यावा व तो स्टेपनीवर बसवावा. घराच्या मागे झाकणाखाली टांगलेल्या त्या चाकाची हवा महिनोन् महिने कोणी पाहत नाही, आणि त्याची गरज पडते ती बहुधा मदत मिळण्याच्या ठिकाणापासून दूर, रस्त्याच्या अरुंद कडेवर.