पारवे, विष्ठा आणि लांबलेला खोकला

आपल्याकडे खोकला दोन महिन्यांच्या वर टिकला की घरच्या घरीच दोन निदाने ठरतात: दमा, नाहीतर क्षय. दोन्हींची तपासणी झालीच पाहिजे, यात वाद नाही. पण थुंकीत क्षयाचे जंतू नाहीत, दम्याच्या पंपाने फरक नाही आणि जिना चढताना धाप मात्र महिन्यागणिक वाढते आहे, अशा रुग्णाला मी एक प्रश्न हमखास विचारतो. घराच्या आसपास पारवे बसतात का?

"डॉक्टर, पारवे कुठं नसतात?" असे म्हणून रुग्ण हसतात. खरेच आहे. पारवा मुळात कडेकपारीत, जुन्या विहिरींत, किल्ल्यांच्या तटात राहणारा. आपण इमारती बांधल्या आणि त्याला आयत्या कपारी मिळाल्या: खिडकीवरचा छज्जा, कूलरमागची फट, टाकीखालची जागा. चार काड्या टाकल्या की घरटे तयार. छज्जा पांढरा होतो, पन्हळ तुंबते, हे नुकसान निदान डोळ्यांना दिसते. फुफ्फुसांचे दिसत नाही.

विष्ठा वाळून तिची भुकटी होते. पिसांवरही बारीक पूड असते. यातली प्रथिने श्वासावाटे आत जातात. बहुतेकांना काहीच होत नाही, म्हणून उगाच घाबरून जाऊ नये. काहींची प्रतिकारशक्ती मात्र या धुळीवर खवळते आणि फुफ्फुसांना आतून सूज येते. याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस म्हणतात. नाव अवघड आहे, पण लक्षात ठेवा, हा संसर्ग नव्हे. एकाचा दुसऱ्याला होत नाही.

कधी तो झटक्याने येतो. सकाळी माळा झाडला, आणि चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, छातीत जडपणा. मधे इतका वेळ गेल्यामुळे झाडण्याशी संबंध कोणी जोडत नाही. एक-दोन दिवसांत बरे वाटते आणि "व्हायरल होते" म्हणून विषय संपतो. अधिक फसवा प्रकार रोज थोडी थोडी धूळ जाऊन होणारा. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना कोरडा खोकला होता, वजन घटत होते. लेकीकडे पंधरा दिवस राहिले की बरे वाटायचे, घरी परतले की पुन्हा तेच. घरच्यांनी ते हवापालटावर घातले. प्रत्यक्षात त्यांच्या पलंगाशेजारच्या खिडकीबाहेर पारव्यांची तीन घरटी होती. पाठीला स्टेथोस्कोप लावला तर श्वास घेताना चपलेचे वेल्क्रो उघडावे तसा करकर आवाज. एक्स-रे फारसे बोलत नव्हता. सुरुवातीला तो चांगलाही दिसू शकतो. छातीच्या एच. आर. सी. टी.ने निदान पक्के झाले. पण तोवर फुफ्फुसाचा काही भाग व्रण भरल्यासारखा घट्ट झाला होता. तो परत मऊ होत नाही. आता त्यांचा आजार थोपवून धरणे एवढेच हाती आहे.

हा आजार दुर्मीळ समजू नका. २०१२ ते २०१५ या काळात देशातील २७ केंद्रांवर फुफ्फुसाच्या अशा चिवट आजारांच्या १०८४ रुग्णांची नोंद झाली. त्यांतल्या सुमारे ४७ टक्के रुग्णांना हाच आजार होता. त्याचे कारण दर वेळी पक्षीच होते असे नाही. कित्येकांच्या घरी बुरशी धरलेला कूलर होता. (आपला कूलर शेवटचा कधी धुतलात?)

२०२५ च्या जुलैत मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याचे आदेश निघाले, ऑगस्टमध्ये दादरचा ताडपत्रीने झाकला गेला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. भूतदयेवर माझा आक्षेप नाही. पण गच्चीवर मूठभर ज्वारी टाकणाऱ्याने खालच्या मजल्यावर कोणी धापेचा रुग्ण आहे का, हे विचारून घ्यावे.

उपचारात पहिली गोष्ट म्हणजे धुळीपासून सुटका. स्टेरॉइडच्या गोळ्या सूज उतरवतात, पण खिडकीत घरटे तसेच ठेवून गोळ्या खाणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे. गोळ्या मनाने सुरू किंवा बंद करू नयेत.

आता साफसफाई. वाळलेली विष्ठा कधीही कोरडी झाडू नका. आधी पाणी शिंपडून पूर्ण भिजवा, मग खरवडून पिशवीत भरा, जागा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसा. तोंडाला साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावा. ज्याला आजार आहे त्याने हे काम करूच नये, घरातही थांबू नये. मधुमेही, किडनी बदललेले किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले, यांनीही दूर राहावे. या विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी वाढते आणि ती त्यांच्या मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकते.

घरट्यात पिले असतील तर ती उडेपर्यंत महिनाभर थांबा, खिडकी बंद ठेवा. मात्र घरात धापेचा रुग्ण असेल तर तेवढे दिवस त्याची दुसरीकडे सोय करा. नंतर लगेच जाळी ठोका, फट बुजवा. विष घालण्याच्या भानगडीत पडू नका, एक जोडी गेली की दुसरी येते. छज्जाला सिमेंटने उतार दिला तर पारव्याला बसताच येत नाही. गवंड्याचे अर्ध्या दिवसाचे काम आहे.