फवारणी पंपाच्या नोझलची जोडणी

फवारणी पंपाच्या नोझलची जोडणी म्हणजे पाठीवरच्या पंपाच्या नळीच्या टोकाला नोझलचे टोपण आट्यांवर बसवून आवळण्याची क्रिया होय. दाबाखालील द्रावणाचे बारीक थेंबांत रूपांतर नोझलमध्ये होते. त्यामुळे टोपण किती आवळले आहे, यावर थेंबांचा आकार, औषधाचा खर्च आणि फवारणी करणाऱ्याची सुरक्षितता अवलंबून असते. टोपण सैल राहिल्यास द्रावण गळते, तर प्रमाणाबाहेर आवळल्यास वायसर व आटे खराब होऊन कालांतराने पुन्हा गळतीच सुरू होते.

पार्श्वभूमी

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. नंदुरबार शहराची बाजारपेठ लाल मिरचीसाठी प्रसिद्ध असून जिल्ह्यात मिरचीबरोबर कापूस, पपई, ऊस व केळी ही पिके घेतली जातात. मिरचीवर फुलकिडे आणि कोळी या रसशोषक किडींचा प्रादुर्भाव होतो व पाने आकसून चुरडा-मुरडा दिसू लागतो. या किडी बहुधा पानांच्या खालच्या बाजूस व कोवळ्या शेंड्यांत राहतात. त्यांच्यापर्यंत औषध पोहोचण्यासाठी बारीक आणि सर्व दिशांनी पसरणारे थेंब लागतात. त्यामुळे अशा पिकांवर कीटकनाशकासाठी प्रामुख्याने पोकळ शंकूच्या आकाराचा फवारा देणारे नोझल वापरतात. तणनाशकासाठी सपाट पंख्यासारखा फवारा देणारे नोझल वेगळे असते.

रचना व कार्य

पोकळ शंकू नोझलमध्ये साधारणपणे गाळणीची जाळी, तिरप्या खाचा असलेली भोवरा चकती, रबरी वायसर, मध्यभागी छिद्र असलेली चकती आणि हे सर्व भाग दाबून धरणारे टोपण असते. द्रावण तिरप्या खाचांतून जाताना गोल फिरू लागते. फिरते द्रावण छिद्राच्या कडेला रेटले जाते, मध्यभागी हवेची पोकळी राहते आणि बाहेर पडताना द्रवाचा पातळ पडदा शंकूच्या आकारात पसरून थेंबांत फुटतो. पाठीवरच्या पंपात हे काम साधारण २ ते ४ बार दाबाला चालते.

या जोडणीतील आटे सरळ असतात. टोपण पुढे सरकवून आतील भाग एकमेकांवर दाबणे एवढेच त्यांचे काम आहे. गळती थांबवण्याचे काम वायसर करतो. म्हणून वायसर योग्य तेवढा दाबला गेला की जोडणी पूर्ण होते. त्यानंतर दिलेला जोर गळती कमी करत नाही.

योग्य घट्टपणा

टोपण प्रथम उलट दिशेने हळूच फिरवतात. आट्याचे तोंड आट्यात पडल्याचे जाणवले की सुलट फिरवण्यास सुरुवात करतात. यामुळे आटे तिरपे चढत नाहीत. टोपण वायसरला टेकेपर्यंत बोटांनी फिरवावे व त्यानंतर हातानेच सुमारे पाव फेरा आवळावे. सुरुवातीच्या फेऱ्यांतच जोर लागत असेल, तर टोपण काढून पुन्हा बसवावे.

पक्कड किंवा पाना वापरू नये, याचे कारण यांत्रिक आहे. टोपणाची त्रिज्या साधारण १ सेंमी असते. हाताचा तेवढाच जोर १५ सेंमी लांबीच्या दांड्यावर लावल्यास पीळ सुमारे १५ पट होतो. एवढा पीळ प्लॅस्टिकचे आटे सोलण्यास किंवा टोपणाला चीर पाडण्यास पुरेसा ठरतो.

काही पंपांसोबत पितळी कमी-जास्त होणारे नोझल मिळते. त्यात टोपण आवळल्यास रुंद शंकू व बारीक थेंब मिळतात, तर सैल केल्यास सरळ धार लागते. येथे फिरवण्याचा अर्थ फवाऱ्याचा आकार ठरवणे असा असल्याने वरील नियम त्याला लागू होत नाही.

चुकीच्या घट्टपणाचे परिणाम

*सैल जोडणी :* द्रावण आट्यांतून झिरपून नळीवरून हाताकडे येते. सेकंदाला एक थेंब गळत असेल आणि २० थेंबांचे १ मिली धरले, तर तासाला १८० मिली द्रावण वाया जाते. त्यातील बराच भाग तळहात व मनगटावर येऊ शकतो. पिकावर मोठे थेंब पडल्यास त्या जागी पाने करपण्याचा संभव असतो.

*अतिघट्ट जोडणी :* वायसर चेपून बाहेर येतो किंवा फाटतो. ज्या नोझलमध्ये वायसर भोवरा चकती व छिद्राची चकती यांच्यामध्ये असतो, तेथे तो जास्त दबल्याने फिरण्याच्या पोकळीची खोली घटून शंकूचा कोन बदलतो.

प्लॅस्टिक उन्हात पितळेपेक्षा अधिक प्रसरण पावते. त्यामुळे पितळी नळीवरचे प्लॅस्टिकचे टोपण दुपारी थोडे सैल पडू शकते. अशा वेळी पंपाचा दाब काढून टोपण हातानेच पुन्हा आवळतात. गळणाऱ्या नोझलवर टेफ्लॉन टेप गुंडाळणे हा उपाय नव्हे. टेपचे तुकडे छिद्रात अडकतात. वायसर बदलणे हाच योग्य उपाय आहे.

आरोग्याशी संबंध

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. संरक्षक साधनांचा अभाव, उंच वाढलेला कापूस आणि औषधांची मिश्रणे अशी अनेक कारणे त्यावेळी चर्चिली गेली. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके त्वचेतूनही शरीरात शोषली जातात. त्यामुळे हातावर येणारी किरकोळ गळतीही दिवसभराच्या कामात धोकादायक ठरू शकते. कपडे भिजल्यास काम थांबवून ते बदलावेत व त्वचा साबणाने धुवावी. मळमळ, घाम, अंधुक दिसणे अशी लक्षणे आढळल्यास औषधाच्या डब्यावरील लेबलासह तातडीने रुग्णालयात जावे.

तपासणी

औषध मिसळण्यापूर्वी टाकीत २-३ लिटर साधे पाणी घेऊन पंप चालवतात. जोड कोरडा राहतो का आणि शंकू सर्व बाजूंनी सारखा आहे का, हे पाहतात. त्यानंतर एका मिनिटाचे पाणी मापात धरतात. हा प्रवाह नव्या नोझलपेक्षा १०% हून अधिक असल्यास चकतीचे छिद्र झिजले आहे असे समजून ती बदलतात. उदाहरणार्थ, नव्या नोझलचा प्रवाह मिनिटाला ६०० मिली असेल, तर ६६० मिली ही मर्यादा होय. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये किंवा तारेने टोचू नये. ते मऊ ब्रशने पाण्यात धुवावे.

तत्सम जोडण्या

हेच तत्त्व आट्यांच्या इतर लहान जोडण्यांनाही लागू पडते. इलेक्ट्रॉनिक सिगारेटचा अ‍ॅटमायझर बॅटरीवर जास्त आवळल्यास मधली विद्युत पिन आत दबून संपर्क तुटतो. भारतात २०१९ च्या कायद्याने अशा सिगारेटींचे उत्पादन, आयात, विक्री व जाहिरात यांवर बंदी आहे.