पेठ टिकते ती माडीवरच्या दिव्याने

माझं राहणं सिंदी मेघेचं. सेलू तालुक्यातलं सिंदी रेल्वे वेगळं. आमचं सिंदी वर्धा शहराला अगदी खेटून आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची नोंद ‘जनगणना शहर’ अशी झाली. म्हणजे वस्ती शहरासारखी, पण नगरपालिका नाही. लग्नाचा बस्ता असो, सोनं असो की भांडी, आमच्या पिढीने वाट धरली ती वर्ध्याच्या बाजारपेठेचीच. अशा पेठा आणि त्यांतल्या जुन्या इमारती यांविषयी आज थोडं बोलायचं आहे.

वर्धा शहर तसं तरुण. १८६२ साली हा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला, तेव्हा त्याचं ठाणं पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी नवं शहर वसवलं आणि नदीचंच नाव त्याला दिलं. पुढच्याच वर्षी मुंबईहून निघालेली रेल्वे इथून नागपूरला पोचली. त्याआधी, १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, विलायतेतल्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता आणि आपल्या कापसाला मागणी आली होती. रेल्वे आणि कापूस या दोन गोष्टींवर विदर्भातल्या कितीतरी पेठा उभ्या राहिल्या.

त्या काळची दुकानाची इमारत नीट पाहिली की व्यापाराची रीत कळते. पुढे उंच ओटा, म्हणजे बंडीतला माल उतरवायला सोपं. ओट्यामागे गादी, तिथे मुनीम आणि चोपड्या. मागच्या अंगाला कोठार. वर माडी, म्हणजे मालकाचं बिऱ्हाड. सागाचे खांब आणि जाड भिंती, त्यामुळे वैशाखातही खाली गारवा. दुकान बंद व्हायचं ते लाकडी फळ्या लावून. प्रत्येक फळीवर आकडा, कारण क्रम चुकला की दार लागत नसे. घर आणि दुकान एका छपराखाली असल्यामुळे पेठेत रात्रीही माणसाचा वावर असे.

या पेठांनी नुसता पैसा मिळवला असं नाही. वर्ध्याच्या बच्छराज बजाज यांच्या घरी जमनालाल दत्तक आले. या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी जुलै १९२८ मध्ये, सनातनी मंडळींचा विरोध पत्करून, दलितांसाठी खुलं केलं. मगनवाडीची जागाही त्यांनीच ग्रामोद्योगाच्या कामाला दिली. तिथल्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते झालं. पेढीवरचा पैसा समाजाच्या कामी कसा येतो, ते या वास्तू सांगतात.

मग जुन्या माड्या ओस का पडल्या? एकेक कारण पाहू. पूर्वी कापसाचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरे. मध्य प्रांतात १९३२ साली कापूस बाजाराचा कायदा आला आणि सौदा खुल्या, नियंत्रित बाजारात नेण्याची सोय झाली. १९७२ पासून राज्य सरकारने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली, तेव्हा गादीवरची खाजगी खरेदीच थांबली. शेतकऱ्याच्या दृष्टीने यात काही भलं होतं. पण गादीमागचं कोठार रिकामं झालं. दुसरीकडे १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाडाचा घरभाडे नियंत्रण आदेश. भाडेकरूला त्याने मोठा आधार दिला. मात्र भाडं जिथल्या तिथे राहिलं, आणि त्या भाड्यात कौलं फेरायचाही खर्च निघेना. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला आणि वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. तोवर कितीतरी छपरं गळून गेली होती. शिवाय वाटण्या झाल्या, मुलं पुण्या-मुंबईला गेली, आणि गाडी उभी करायला जागा हवी म्हणून गिऱ्हाईकही शहराबाहेरच्या रस्त्यांकडे वळलं.

हे दुखणं आपलं एकट्याचं नाही. अमेरिकेतल्या लहान गावांच्या पेठाही अशाच ओस पडल्या होत्या. तिथल्या वारसा जपणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने १९७७ मध्ये तीन लहान गावांत प्रयोग सुरू केला. इमारतींची डागडुजी आणि दुकानदारांचा धंदा यांचा विचार त्यांनी एकत्र केला. त्यामागचं सूत्र साधं आहे: इमारत कमावती राहिली तरच ती उभी राहते.

आपल्यालाही हे जमण्यासारखं आहे. दर्शनी भाग झाकणारी पत्र्याची पाटी थोडी लहान करावी. गळणारं छप्पर पावसाळ्याआधी बघावं. सबंध इमारत पाडण्याआधी जाणत्या सुताराला आणि गवंड्याला एकदा दाखवावी. पुष्कळदा खांब धड असतो, वासेच बदलायचे असतात. रिकामी माडी वकिलाला, शिकवणीला, अभ्यासिकेला द्यावी. वर दिवा लागला, की खालच्या दुकानालाही सोबत होते. नगरपालिकेने अशा इमारतींची निदान एक यादी करावी. पाडलेली माडी परत बांधता येत नाही, आणि नव्या इमारतीला सागाचे तसे खांब आता कुणाला परवडणार?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)