स्किडरचे फॉरवर्डरमध्ये रूपांतर : भाराचा प्रश्न

उत्तर अमेरिकेच्या अरण्यांत १९६० च्या दशकात रूढ झालेला स्किडर ओंडके ओढतो. त्यांचे एक टोक यंत्रावर उचललेले असते, दुसरे भूमीवर घासत जाते. फॉरवर्डर मात्र ठराविक लांबीचे ओंडके पाठीवर वाहतो. जुन्या स्किडरवरील विंच काढून तेथे यारी व खुंटांचा सांगाडा बसविला की रूपांतर झाले, असे वाटणे स्वाभाविक. पण ते घातक आहे. जो भार अंशतः भूमी पेलत होती, तो आता सर्वस्वी यंत्रावर येतो. शिवाय मागील चौकट आखूड असल्याने त्याचा गुरुत्वमध्य मागील आसाच्याही मागे जाऊ शकतो. समजा, दोन आसांत ३ मीटर अंतर आहे आणि ६ टनांचा भार मागील आसामागे अर्धा मीटर राहिला. तर पुढील चाकांवरील वजन १ टनाने घटते, मागील आसावर ७ टन वाढते. चढणीवर पुढची चाके उचलली जाण्याचा व चालकाच्या जिवावर बेतण्याचा संभव येथूनच उद्भवतो. यास्तव चौकट लांबवून आस मागे न्यावा लागतो. तथापि मग भाराचा काही वाटा, यंत्र ज्यावर वळते त्या मधल्या सांध्यावर पडतो. आणि जुन्या यंत्रात नेमक्या तेथील पिना व बुश बहुधा झिजलेले असतात. चौकट कापण्यापूर्वी ते तपासून बदलावे लागतात.