पैसा होता, तांदूळ नव्हता : सरकारी खर्च, विकास आणि महागाईचे नाते

बंगळूरू : सरकारने खर्च वाढविला की अर्थव्यवस्थेला गती मिळते, असे एक मत आहे, खर्च वाढविला की महागाई भडकते, असे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे, मात्र एकटे कोणतेही पुरेसे नाही. खर्च झालेल्या रुपयासमोर बाजारात पुरेसा माल आहे का आणि तो रुपया पुढील काळासाठी उत्पादनक्षमता वाढवितो का, या दोन प्रश्नांवर परिणाम अवलंबून असतो. बंगळूरूतील यशवंतपूर येथे हे दोन्ही प्रश्न एकाच परिसरात समोर येतात. येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात कांदा, बटाटा व धान्याचा मोठा व्यापार चालतो. महाराष्ट्रातील कांदाही येथे विक्रीस येतो. याच भागात रेल्वे व मेट्रोची स्थानके असून नियोजित उपनगरी रेल्वेमार्गही येथून जाणार आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘अन्नभाग्य’ योजनेच्या अनुभवात सापडते. कर्नाटक सरकारने 2023 मध्ये शिधापत्रिकाधारकांना दरमहा माणशी पाच किलो अतिरिक्त तांदूळ देण्याचे ठरविले. तथापि, केंद्राने त्याच वर्षी जूनमध्ये खुल्या बाजार विक्री योजनेतून राज्यांना तांदूळ देणे थांबविले. राज्याकडे निधी होता, धान्य नव्हते. अखेर जुलैपासून किलोमागे 34 रुपये या दराने माणशी 170 रुपये रोख देण्यास प्रारंभ झाला. फेब्रुवारी 2025 पासून रोख रकमेऐवजी पुन्हा तांदूळ देण्यात येऊ लागला.

दोन्ही पद्धतींत सरकारचा पैसा खर्च होतो, परंतु बाजारावरील परिणाम भिन्न असतो. शिधावाटप दुकानातून तांदूळ मिळाला की कुटुंबाची बाजारातील खरेदी तेवढी कमी होते. रोख मिळाल्यास तेच कुटुंब ग्राहक म्हणून बाजारात येते आणि मालाची आवक तेवढीच राहिली, तर भावावर दाब येतो. अर्थात, त्या काळातील तांदळाच्या दरवाढीचे खापर एका योजनेवर फोडता येणार नाही. पुरवठ्याची चिंता देशव्यापी होती. केंद्राने 20 जुलै 2023 रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यातही थांबविली होती.

याचा अर्थ रोख साहाय्य निरुपयोगी ठरते, असा नाही. ‘गृहलक्ष्मी’ योजनेतून कुटुंबप्रमुख महिलेला मिळणारे दरमहा 2,000 रुपये किंवा महाराष्ट्रातील ‘लाडकी बहीण’ योजनेचे 1,500 रुपये किराणा, औषधे व शिक्षणावर खर्च होतात आणि दुकानदाराची विक्री वाढते. कारखाने पूर्ण क्षमतेने चालत नसतील, हातांना काम नसेल, तर अशा मागणीतून उत्पादन वाढते. क्षमता आधीच पूर्ण वापरात असेल, तर मात्र उत्पादनाऐवजी किंमत वाढते.

दुसरा प्रश्न भविष्याचा आहे. यशवंतपूरमार्गे बेन्निगानहळ्ळी ते चिक्कबाणावर हा मार्ग बंगळूरू उपनगरी रेल्वे प्रकल्पाचा भाग आहे. सुमारे 148 किलोमीटरच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2020 मध्ये मंजुरी दिली. मंजूर खर्च 15,767 कोटी रुपये होता. बांधकामाच्या काळात असा प्रकल्प सिमेंट, पोलाद व मजुरीची मागणी वाढवितो. गाड्या धावू लागल्यावर प्रवासाचा वेळ वाचतो, कामगारांना दूरच्या नोकऱ्या गाठता येतात आणि शहराची उत्पादनक्षमता वाढते. काम रखडल्यास पैसा आज बाजारात येतो आणि लाभ मात्र पुढे ढकलला जातो.

राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्थेच्या 2013 मधील अभ्यासनिबंधात हा फरक आकड्यांत मांडला आहे. त्यानुसार भांडवली खर्चाचा गुणक 2.45, तर हस्तांतरित रकमांचा 0.98 आहे. म्हणजे मालमत्तानिर्मितीवर खर्च केलेल्या एका रुपयामागे उत्पादनात सुमारे 2 रुपये 45 पैशांची, तर थेट साहाय्याच्या रुपयामागे सुमारे 98 पैशांची भर पडते. हे अंदाज सरासरीचे आहेत. गरीब कुटुंबाच्या पोषणाचे मोल त्यात मोजलेले नाही.

कर्नाटकच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात हाच ताण दिसतो. एकूण 4,09,549 कोटींपैकी 51,034 कोटी रुपये, म्हणजे सुमारे आठवा हिस्सा, पाच हमी योजनांसाठी राखून ठेवण्यात आला; भांडवली खर्चाची तरतूद 71,336 कोटी होती. महसुली तूट 19,262 कोटी रुपये अंदाजण्यात आली. दैनंदिन खर्चाचा काही भाग कर्जातून भागवावा लागेल, असा तिचा अर्थ होतो. कर्ज काढून रेल्वेमार्ग उभारला, तर मागे मालमत्ता उरते. कर्जातून चालू खर्च भागविला, तर व्याजाचा बोजा उरतो.

महागाई वाढल्यास तिला आवर घालण्याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेकडे येते. दोन टक्क्यांच्या अधिक-उणे मर्यादेत चार टक्के हे तिचे लक्ष्य आहे. जागतिक पुरवठा विस्कळीत होऊन दर चढले, तेव्हा मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेण्यात आला. त्यामुळे गृहकर्जाचे हप्ते वाढले. ज्यांना कोणत्याही योजनेचा लाभ नाही, त्या कुटुंबांनाही महागाईची किंमत अशा रीतीने मोजावी लागते.

म्हणूनच अर्थसंकल्पाच्या दिवशी केवळ एकूण खर्चाचा आकडा पाहून निष्कर्ष काढता येत नाही. भांडवली खर्च किती, महसुली तूट किती आणि ज्या वस्तूंची मागणी वाढणार आहे त्यांचा पुरवठा कोठून येणार, हे तपासणे आवश्यक ठरते. सरकारला पैसा वाटता येतो. तांदूळ मात्र पिकवावा, साठवावा आणि वेळेवर पोहोचवावा लागतो.